विंडोज ११ : आहे त्यावरच चढवावे की नव्याने बसवावे?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला, म्हणजेच संगणकाच्या कार्यप्रणालीला, दिला जाणारा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. २९ जुलै २०१५ रोजी उपलब्ध झालेली ही प्रणाली दहा वर्षांहून अधिक काळ देशभरातील घरे, दुकाने, शाळा, सनदी लेखापालांची कार्यालये आणि सरकारी कचेऱ्या यांमध्ये वापरात राहिली. पाठिंबा संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, पत्रे टंकित होतात, छपाई होते. मात्र प्रणालीत नव्याने आढळणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींची दुरुस्ती अशा संगणकाला आपोआप मिळत नाही.

ही बाब किरकोळ नाही, याचा अनुभव १२ मे २०१७ रोजी जगाने घेतला. त्या दिवशी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांना त्याची बाधा झाली. ज्या त्रुटीतून हा विषाणू शिरला तिची दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात देण्यात आली होती. बाधित झालेल्या बहुतेक संगणकांवर विंडोज ७ होते आणि ती दुरुस्ती बसवण्यात आलेली नव्हती.

त्यामुळे विंडोज १० वापरणाऱ्यांपुढे स्थलांतराचा प्रश्न उभा आहे. नवी प्रणाली कोठून मिळवायची, यात फारशी अडचण नाही. ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून अधिकृत परवाना असलेल्या विंडोज १० धारकांना तिच्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. प्रश्न आहे तो बसवण्याच्या पद्धतीचा. असलेल्या प्रणालीवरच नवी आवृत्ती चढवावी, म्हणजे अपग्रेड करावे, की डिस्क कोरी करून नव्याने आरंभ करावा? या दुसऱ्या पद्धतीला दुकानदारांच्या बोलीत 'फॉरमॅट मारणे' म्हणतात. निवड करताना वेग, स्वच्छता यांची चर्चा पुष्कळ होते. वास्तविक आधी पाहायला हवे ते हे की, डिस्कवर असलेल्या गोष्टींपैकी कोणत्या पुन्हा मिळवता येतील आणि कोणत्या एकदा गेल्यावर परत येणार नाहीत.

संगणक पात्र आहे का?

विंडोज ११ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रसिद्ध झाली तेव्हाच तिच्या यंत्रसामग्रीविषयक अटी पूर्वीच्या कोणत्याही आवृत्तीपेक्षा कडक होत्या. किमान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण या अटी आज बहुतेक संगणक सहज पूर्ण करतात. अडचण येते ती तीन ठिकाणी. संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असावी लागते. संगणक जुन्या बायॉसऐवजी यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा आणि 'सिक्युअर बूट'ला पाठिंबा देणारा असावा लागतो. आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतील असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून, तर एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आले. त्याआधी घेतलेले बहुतेक संगणक या चाळणीतून खाली पडतात.

मात्र 'अपात्र' असा शेरा पाहून लगेच निराश होण्याचे कारण नाही. आपल्याकडे सुटे भाग जोडून तयार केलेल्या, म्हणजे असेंबल्ड संगणकांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांतील अनेक संगणकांमध्ये टीपीएमची सोय असूनही ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ती 'पीटीटी' आणि एएमडीच्या मदरबोर्डवर 'एफटीपीएम' या नावाने बायॉसच्या मांडणीत सापडते. ती सुरू केल्यावर मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम पुन्हा चालवून पाहावा. अपात्र ठरलेला संगणक एका बदलाने पात्र ठरल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

अटींना बगल देऊन अपात्र संगणकावरही विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. त्या बऱ्याचदा यशस्वीही होतात. परंतु अशा संगणकाला पुढील अद्यतने मिळतीलच याची हमी नसल्याचे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे आणि दरवर्षीच्या मोठ्या आवृत्तीच्या वेळी तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीने तर फार जुन्या प्रोसेसरांना कायमचे बाहेर ठेवले, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञाच त्या प्रोसेसरांमध्ये नाहीत. हौशी व्यक्तीने घरच्या जादा संगणकावर हा प्रयोग करण्यास हरकत नसावी. हिशेबाच्या संगणकावर तो करू नये.

अपग्रेड करताना आत काय घडते

अपग्रेडविषयीचा जुना अविश्वास पूर्णपणे निराधार नव्हता. विंडोज ९८ वर विंडोज एक्सपी चढवण्याच्या काळात नव्या फाइली जुन्यांवरच लिहिल्या जात आणि आधीचा गोंधळ नव्या घरात जसाच्या तसा येई. 'फॉरमॅट मारल्याशिवाय विंडोज टाकण्यात अर्थ नाही' हा समज त्या काळाचा आहे. २००७ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही पद्धत बदलली. आता संपूर्ण नवी प्रणाली एका तयार प्रतिमेतून डिस्कवर स्वतंत्रपणे मांडली जाते, जुनी प्रणाली बाजूला 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये हलवली जाते आणि त्यानंतर वापरकर्त्याच्या फाइली, प्रोग्रॅम व मांडण्या नव्या प्रणालीत आणल्या जातात. मध्येच काही बिघडले तर संगणक सहसा आपोआप जुन्या प्रणालीवर परत येतो. सर्व सुरळीत पार पडले तरी पुढील दहा दिवस 'गो बॅक' या पर्यायाने विंडोज १० परत मिळवता येते.

अर्थात, सामानाबरोबर काही कचराही येतोच. आपोआप सुरू होणारे निरुपयोगी प्रोग्रॅम, जुने ड्रायव्हर, कधी काळी बसवलेली आणि अर्धवट काढलेली अँटिव्हायरस पॅकेजेस हे सारे नव्या प्रणालीत दाखल होते. संगणक आधीपासून धिमा किंवा विषाणूबाधित असेल तर अपग्रेडने तो दुरुस्त होईल, ही अपेक्षा चुकीची आहे. पण ज्याचा संगणक नीट चालतो आहे, त्याने केवळ 'स्वच्छते'साठी सगळे पुसून टाकावे यातही शहाणपण दिसत नाही.

अपग्रेडचे मार्ग दोन. 'विंडोज अपडेट' किंवा 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' यांद्वारे थेट इंटरनेटवरून, अथवा पूर्ण प्रणालीची आयएसओ फाइल उतरवून तिच्यातील 'सेटअप' चालवून. ही फाइल पाच जीबीहून मोठी असते, त्यामुळे एकाहून अधिक संगणक बदलायचे असतील तर ती एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवणे परवडते. आयएसओच्या मार्गात एक खाचखळगा आहे आणि तो भारतात विशेष जाणवतो. विंडोजची इंग्रजी प्रत दोन प्रकारांत मिळते, अमेरिकन इंग्रजी आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' म्हणजे ब्रिटिश इंग्रजी. संगणकावर आधी असलेल्या प्रकाराशी न जुळणारी फाइल निवडल्यास फाइली व प्रोग्रॅम दोन्ही राखून ठेवण्याचा पर्याय निष्क्रिय होतो. हा पर्याय निवडता येत नसल्याचे दिसताच पुढे जाऊ नये. योग्य प्रत उतरवून घ्यावी. सेटअपच्या याच पडद्यावर फक्त वैयक्तिक फाइली ठेवाव्यात की काहीच ठेवू नये असे अन्य पर्यायही असतात. घाईत येथे चुकीचे बटण दाबले गेल्याने काय होऊ शकते, हे सांगण्याची गरज नाही.

अपग्रेडला अर्धा तास ते दोन-तीन तास लागू शकतात. भारनियमन किंवा वारंवार वीज जाणाऱ्या भागात हे काम यूपीएसवर, आणि लॅपटॉप असल्यास चार्जर जोडूनच हाती घ्यावे.

कोऱ्या डिस्कवर नवा आरंभ

काही परिस्थितींत मात्र नव्याने बसवणे हाच योग्य, किंबहुना एकमेव मार्ग ठरतो. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती असलेल्या संगणकावर अपग्रेड होतच नाही, कारण विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात आहे. संगणक दुसऱ्याकडून विकत घेतलेला असेल, त्यावर विषाणूचा प्रादुर्भाव झालेला असेल, किंवा आधीची प्रत 'क्रॅक' वापरून चालू केलेली असेल तर तिच्यावर नवी आवृत्ती चढवणे म्हणजे त्या क्रॅकमधून आलेल्या अज्ञात प्रोग्रॅमलाही सोबत नेणे होय. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली जात असेल तर तोही नव्याने आरंभ करण्याचा चांगला मुहूर्त आहे. जुनी डिस्क तशीच बाजूला राहते आणि विसरलेली एखादी फाइल महिन्यानंतरही तिच्यातून काढता येते. खर्चाची तयारी असल्यास सर्व मार्गांमध्ये हा सर्वांत निर्धोक म्हणावा लागेल.

परवान्याची चिंता बहुतांश ठिकाणी अनाठायी असते. विंडोज ८ च्या काळापासून नामांकित कंपन्यांच्या संगणकांत परवान्याची कळ मदरबोर्डवरच नोंदवलेली असते आणि नवी प्रणाली ती स्वतःच वाचते. अन्य संगणकांच्या बाबतीत, आधीची प्रत रीतसर सक्रिय असल्यास तिचा डिजिटल परवाना त्या यंत्राशी जोडलेला राहतो. मदरबोर्ड बदलल्यास मात्र हे नाते तुटते.

नुकसान होते ते दुसरीकडे. भारतातील विक्रेते सामान्यतः डिस्कचे सी आणि डी, क्वचित ई, असे विभाग करून देतात. 'सी फॉरमॅट केली तरी डी सुरक्षित राहते' हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते आणि त्यात तथ्यही आहे. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर सी ड्राइव्हवर असतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात नसते. डोळ्यांसमोर, पडद्यावर ठेवलेली फाइल सर्वांत सुरक्षित वाटते. फॉरमॅटमध्ये सर्वांत आधी तीच जाते. आउटलुकची टपालपेटी, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, टॅलीचा हिशेब यांचीही जागा पुष्कळदा सी ड्राइव्हवरच असते. टॅलीच्या बाबतीत तर डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे प्रोग्रॅममध्येच पाहून त्याची प्रत घेतल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये.

डी ड्राइव्हही नेहमी वाचते असे नाही. जुन्या बायॉस पद्धतीने चालणाऱ्या संगणकाची डिस्क 'एमबीआर' मांडणीची असते, तर विंडोज ११ साठी यूईएफआय सुरू केल्यावर 'जीपीटी' मांडणी लागते. बसवताना 'या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही' असा संदेश येतो आणि अनेक ठिकाणी त्यावर उपाय म्हणून सगळे विभाग पुसून टाकण्याचा सल्ला दिला जातो. तसे केल्यास डी ड्राइव्हवरील वीस वर्षांची छायाचित्रेही जातात, कारण सी आणि डी हे एकाच डिस्कचे भाग आहेत. विंडोज १० मध्ये 'एमबीआर२जीपीटी' नावाचे साधन आहे आणि ते डेटा न पुसता मांडणी बदलते. त्याची अट अशी की डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग नसावेत आणि विस्तारित विभाग मुळीच नसावा. आपल्याकडील जुन्या संगणकांत डी आणि ई हे बहुधा विस्तारित विभागातच केलेले आढळतात, म्हणून हे साधन तेथे माघार घेते. अशा वेळी बाहेरील डिस्कवर पूर्ण प्रत घेणे हाच खरा इलाज उरतो. प्रत घेतल्यानंतर ती बाहेरील डिस्क संगणकापासून वेगळी करून ठेवावी. विभाग पुसण्याच्या पडद्यावर दोन डिस्क दिसत असताना चुकीची निवडली जाणे अगदी सोपे आहे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी

छापखाने, वृत्तपत्रांची कार्यालये, वकील, ग्रामपंचायती आणि मराठी शाळा यांच्यासाठी या निवडीला आणखी एक पदर आहे.

युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा मराठी मजकूर श्रीलिपी, तसेच पुण्यातील सी-डॅकचे आयएसएम अशा पॅकेजेसच्या विशिष्ट फाँटमध्ये टंकित केलेला आहे. त्या मजकुरात प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे सांकेतिक क्रमांक साठवलेले असतात; त्यांना देवनागरी रूप देण्याचे काम फाँट करतो. तो फाँट संगणकावरून गेला की दस्तऐवज उघडतो, परंतु पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसतात. डेटा नष्ट झालेला नसतो, तरीही ज्याला कारण ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने तो गेल्यातच जमा. अपग्रेडमध्ये हे फाँट टिकून राहतात, नव्याने बसवण्यात ते पुसले जातात. सी ड्राइव्हवरील 'विंडोज' फोल्डरमधील 'फाँट्स' या उपफोल्डरची प्रत आधीच काढून ठेवणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

पॅकेजची गोष्ट निराळी. त्यांतील काही हार्डवेअर लॉकवर, म्हणजे संगणकाच्या मागे लावल्या जाणाऱ्या डोंगलवर, चालतात आणि त्या डोंगलचा जुना ड्रायव्हर ६४ बिट प्रणालीत चालेलच असे नाही. विंडोज ११ मधील 'मेमरी इंटेग्रिटी' ही सुरक्षा व्यवस्थाही काही जुन्या ड्रायव्हरांना अटकाव करते. डॉसवर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले वेतनपत्रक किंवा खतावणीचे प्रोग्रॅम ३२ बिट विंडोजवर आजवर चालत आले असतील. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोयच नाही. डॉसबॉक्ससारख्या अनुकरण प्रणालीत ते चालवता येतात, पण छपाईची जुळवाजुळव करावी लागते. असा प्रोग्रॅम रोजच्या कामाचा असेल तर आधी दुसऱ्या संगणकावर चाचणी घेतल्याशिवाय मूळ यंत्राला हात लावू नये.

युनिकोड मराठी वापरणाऱ्यांची अडचण तुलनेने साधी आहे. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा पर्याय निवडून मूळ सीडी घालावी लागे. आता देवनागरी उपजतच दिसते. परंतु विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता आणि उत्साह हे फाँट मूळ संचातून वगळून 'देवनागरी पूरक फाँट' या ऐच्छिक भागात ठेवण्यात आले आहेत. इंग्रजी प्रत नव्याने बसवली की मंगलमध्ये सजवलेला अर्ज निर्मला या फाँटमध्ये दिसू लागतो, ओळी सरकतात, एका पानाचा मजकूर दीड पान होतो. मांडण्यांमधील 'ऑप्शनल फीचर्स' येथून हे फाँट मोफत मिळतात. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक पूर्वीपासून विंडोजमध्ये आहेच, आणि २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून उच्चारानुसारी टंकनाचा मराठी फोनेटिक कळफलकही त्यात समाविष्ट झाला. गूगलच्या 'इनपुट टूल्स'ची विंडोजवर बसवता येणारी जुनी आवृत्ती अजून वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की गूगल ती आता देत नाही. अपग्रेडमध्ये ती बहुधा टिकेल. फॉरमॅटनंतर मात्र विंडोजच्याच फोनेटिक कळफलकाची सवय करावी लागेल.

कुलूप आणि किल्ली

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एक बदल झाला. त्याची माहिती संगणक नव्याने बसवणाऱ्या प्रत्येकाला असणे आवश्यक आहे. कोऱ्या डिस्कवर ही प्रणाली बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यास पात्र संगणकाची डिस्क आपोआप सांकेतिक कुलपात ठेवली जाते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधील माहिती यामुळे सुरक्षित राहते, हे खरेच. पण पुढे मदरबोर्डची दुरुस्ती झाली किंवा बायॉसमध्ये बदल झाला की संगणक ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागतो आणि ती नसल्यास डिस्कवरील डेटा मायक्रोसॉफ्टलाही परत देता येत नाही.

ही किल्ली ज्या खात्याने प्रवेश केला त्या खात्यात जमा होते. आपल्याकडे अनेकदा दुकानदार किंवा कार्यालयातील तांत्रिक सहायक स्वतःचे किंवा तात्पुरते खाते वापरून मांडणी पूर्ण करतो. मालकाला त्याचा पत्ता नसतो. दोन वर्षांनी संगणक किल्ली मागतो तेव्हा ती कोणाच्या खात्यात आहे, हेच कोणाला सांगता येत नाही. म्हणून मांडणी स्वतःच्या खात्याने करावी आणि किल्ली कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. मांडण्यांमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' विभागात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे की बंद, हे पाहता येते. विंडोज १० वरून अपग्रेड केलेल्या संगणकावर हे कुलूप आपोआप लागत नाही. मात्र ते आधीच लावलेले असेल तर अपग्रेडपूर्वी किल्ली हाताशी असायला हवी.

अपात्र संगणकांचे काय?

अटींत न बसणारा संगणक लगेच भंगारात काढण्याची गरज नाही. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने एका वर्षाची विस्तारित सुरक्षा अद्यतन योजना आणली आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर केली. ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम भरून, मायक्रोसॉफ्टचे एक हजार रिवॉर्ड गुण वापरून, अथवा संगणकाच्या मांडण्या मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवल्यास विनामूल्य, असे तिचे तीन मार्ग ठेवण्यात आले. कोणत्याही मार्गाने गेले तरी मायक्रोसॉफ्टचे खाते आणि विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आवश्यक ठरते. व्यावसायिक संस्थांसाठीचा दर पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होत जातो आणि ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते. दोन वर्षांचा हिशेब मांडला तरी मध्यम आकाराच्या कार्यालयाला नवे संगणक घेणे अधिक किफायतशीर वाटू शकते. हा पर्याय म्हणजे विकत घेतलेली सवड आहे, आणि त्या सवडीत काय करायचे याची योजना नसेल तर तिचा उपयोग नाही.

दुसरा मार्ग लिनक्सचा. भारतात तो नवखा नाही. चेन्नई येथील सी-डॅकने डेबियनवर आधारित 'बॉस' ही प्रणाली २००७ मध्ये सादर केली. केरळमधील शाळांत तर मुक्त प्रणालीचा प्रसार त्याही आधीपासून झाला असून २०१९ मध्ये तेथील दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी उबुंटूवर आधारित नवी आवृत्ती तयार करण्यात आली. संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवरच उभारलेल्या 'माया' या प्रणालीचा स्वीकार करत असल्याचे वृत्त २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

लिनक्सची एक सोय विंडोजमध्ये सर्वसामान्य वापरकर्त्याला मिळत नाही, ती म्हणजे बसवण्यापूर्वी वापरून पाहण्याची. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून डिस्कला स्पर्शही न करता वाय-फाय, ध्वनी, प्रिंटर आणि मराठी टंकन तपासता येते. लिनक्स मिंटसारख्या प्रणालीला २ जीबी स्मृती आणि २० जीबी साठवण पुरते. ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. इंटरनेट, पत्रव्यवहार, अभ्यास आणि चित्रपट एवढ्यापुरता संगणक असेल तर हा उत्तम पर्याय आहे. ज्यांचे काम टॅलीवर किंवा फक्त विंडोजसाठी ड्रायव्हर असलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर चालते, त्यांना तो सोयीचा पडणार नाही.

दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर नांदवण्याचा, म्हणजे 'ड्युअल बूट'चा, पर्याय पुष्कळांना आकर्षक वाटतो. त्यासाठी विंडोजमधूनच सी ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी करावी आणि विंडोज आधी, लिनक्स नंतर असा क्रम ठेवावा. डिस्क कुलूपबंद असल्यास सुरू होण्याच्या क्रमात बदल होताच रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. एक गमतीची तक्रार हमखास येते: विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते, विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचते आणि भारतात हा फरक नेमका साडेपाच तासांचा भरतो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्याची आज्ञा दिली की घोळ मिटतो.

लिनक्स निवडणाऱ्यांनाही पुढे हाच प्रश्न भेडसावतो, कारण त्याच्या आवृत्त्यांनाही मुदत असते. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना पाच वर्षे सर्वसाधारण पाठिंबा मिळतो. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २४.०४ ची मुदत २०२९ पर्यंत आहे. डेबियनमध्ये अपग्रेड करताना एकही आवृत्ती ओलांडून पुढे जाता येत नाही. लिनक्स प्रथम बसवतानाच 'होम'साठी स्वतंत्र विभाग केला तर पुढील प्रत्येक वेळी प्रणालीचा विभाग कोरा करूनही स्वतःच्या फाइली जागच्या जागी राहतात.

विंडोज ११ वर पोहोचलेल्यांनी पहिल्या दहा दिवसांत जुनी सर्व कामे एकदा करून पाहावीत: छपाई, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीने एखादा अर्ज, जुने मराठी दस्तऐवज, महिनाअखेरीचे हिशेब. काही अडले तर परतीचा रस्ता याच काळात उघडा असतो. जागा कमी पडते म्हणून 'डिस्क क्लीनअप'मधून विंडोज.ओल्ड पुसल्यास तो तत्काळ बंद होतो. दहा दिवस अपुरे वाटत असतील तर ही मुदत संपण्यापूर्वी डिसम या आज्ञेने ती साठ दिवसांपर्यंत वाढवता येते.